मॅग्नेटोवरची जकात

पिजन नदीच्या नाक्यावर मी एकवीस वर्षं काढली. पलीकडे अमेरिकेतलं मिनेसोटा, अलीकडे कॅनडातलं ऑन्टारिओ, मध्ये नदी आणि आमचं काउंटर. पलीकडून येणाऱ्याला काय आणलंत ते विचारायचं, पावती बघायची, कर लावायचा आणि "सावकाश जा, रस्त्यात मूस हरणं उभी असतात" असं सांगून सोडायचं, हे माझं काम. लोकांना वाटतं, आम्ही तिथे दिवसभर चोर पकडत असतो. चोर वर्षातून दोन-तीन. बाकी सगळे टायर, चीज नाहीतर परदेशाहून मागवलेली पार्सलं घेऊन परतणारे अलीकडच्या थंडर बे शहरातले आमचेच शेजारी.

पार्सलांचं असं आहे की ती घरी मागवली तर कुरियरवाले कर तर वसूल करतातच, वर कागदपत्रं भरल्याची आपली फी लावतात. कधीकधी वस्तूपेक्षा फी जड. म्हणून आमच्या गावातली शहाणी माणसं नदीपलीकडच्या गोदामाच्या पत्त्यावर माल मागवतात, पन्नास मिनिटं गाडी हाकून तो घेऊन येतात आणि आमच्यासमोर उभं राहून स्वतःच कर भरतात.

वेइको हापाला असेच आले, सप्टेंबरातल्या एका मंगळवारी. शहात्तर वर्षांचे, उंच, रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात तीस वर्षं वेल्डिंग केलेले. त्यांनी काउंटरवर एक खोकं ठेवलं आणि शेजारी पावती अशी सरळ लावून ठेवली, जशी काही ती इस्त्री करून आणली होती.

"कार्बुरेटर," ते म्हणाले. "इंग्लंडहून. पंचावन्न सालच्या एरियल मोटारसायकलचा."

मी हिशेब केला. तेरा टक्के कर, आणि माल कुठे बनलेला त्याप्रमाणे वर थोडी जकात. आकडा सांगितला.

"बाई, एक विचारू?" ते म्हणाले. "ही मोटारसायकल मी एकोणसाठ साली फिनलंडहून बोटीतून आणली. तेव्हा तुमच्याच खात्याचा माणूस म्हणाला, नवीन राहायला आलायस, सामानावर काही नाही, जा. अख्ख्या गाडीवर एक छदाम घेतला नाही. आणि आता तीच गाडी तुकड्यातुकड्यांनी आणतोय तर प्रत्येक तुकड्यावर पैसे?"

"तेव्हा राहिलेले आता घेतोय," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग खांदे हलवत हसले. आवाज न करता. फिनिश माणसं हसतात तसं.

तेवढ्यात दार उघडून त्यांची बायको आत आली. छोटीशी, गोल चेहऱ्याची, डोक्याला लोकरीचा रुमाल. गाडीत बसून कंटाळली असावी.

"माझ्याकडे लोणी आहे," त्यांनी मला सांगितलं. "पर्समध्ये. दोन वड्या. आणि अर्धा अ‍ॅपल-पाय. अर्धा आम्ही तिकडेच खाल्ला."

"ही सिल्वी," वेइको म्हणाले. "हिला काही लपवता येत नाही."

"लपवायचं कशाला?" सिल्वी म्हणाल्या. "पोरगी विचारतेय ना?"

लोणी मी तसंच सोडलं.

त्यानंतर दर दोन-तीन आठवड्यांनी मंगळवारी ते यायचे. कधी चाकाचे आरे, कधी ब्रेकच्या पट्ट्या, कधी नुसत्या रबरी चकत्यांचं पाकीट. वेइको पावती सरळ लावून ठेवत, आम्ही करावरून एक-दोन टोले एकमेकांना लगावत असू, आणि सिल्वी बाकावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांना पर्समधलं काय काय आहे ते सांगत असत. नोव्हेंबरात माझ्या लक्षात आलं की त्या दर वेळी मला नव्याने भेटताहेत.

"तू इथे नवीन का?" त्यांनी विचारलं.

"नाही, सिल्वी. आपण भेटलोय."

"हो का? मग बरी आहेस ना?"

वेइकोनी पैसे भरता भरता माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सिल्वी प्रसाधनगृहात गेल्या तेव्हा त्यांनी सांगितलं. दीड वर्ष झालं होतं. सकाळी बरी असते, दुपारनंतर धागा सुटतो. घरातलं सगळं करते, पण शेगडी बंद केली की नाही ते पाहावं लागतं.

"आणि मोटारसायकल?" मी विचारलं. "एवढ्या सगळ्यात ती कशाला काढलीत?"

त्यांनी हातमोजे चढवले, पुन्हा काढले.

"साठ साली ती निपिगॉन गावाच्या वर लाकूडतोड्यांच्या छावणीत स्वयंपाकाला होती. चाळीस माणसांचा. मी दर रविवारी मोटारसायकलवरून भेटायला जायचो. जायचे सत्तर मैल, यायचे सत्तर मैल, रस्ता म्हणायचा तर रस्ता. लग्नानंतर साइडकार जोडली, ती बसायची त्यात. मग पोरं झाली, मोटार आली, गाडी तळ्याकाठच्या शेडमध्ये गेली. चाळीस हिवाळे खाल्ले तिनं तिथे." त्यांनी हातमोजे खिशात कोंबले. "आता रविवार आला की सिल्वी खिडकीत बसते. मी मागे खुर्चीत पेपर वाचत असतो, आणि ती माझी वाट बघत असते. म्हणते, आज आवाज येत नाही अजून, रस्ता खराब झाला असेल. मी म्हणतो, अगं मी इथेच आहे. ती म्हणते, हो रे, तू आहेस, पण तो यायचाय."

सिल्वी परत आल्या. "चला," त्या म्हणाल्या, "हिला काम करू दे."

त्या हिवाळ्यात मी त्या गाडीचे इतके भाग हाताळले की रात्री नवऱ्याला इंजिनाची रचना समजावून सांगायला लागले. नवरा म्हणाला, रेनाटा, तुला बदली हवी आहे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ते मॅग्नेटो घेऊन आले. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारा इंजिनाचा भाग. तो बसला की गाडी सुरू होणार होती. बाहेर ओलं बर्फ पडत होतं. आमचे साहेब, सॉचुक, कॉफीच्या यंत्रापाशी उभे होते. वेइकोनी खोकं ठेवलं, पण पावती सरळ लावली नाही. नुसती खोक्यावर टाकली.

"वापरलेला आहे," ते म्हणाले. "तिथल्या ओळखीच्या माणसानं भेट म्हणून पाठवलाय. वीस पौंड."

पावतीवरही तेच लिहिलं होतं. मी खोकं उघडलं. मेणकागदात गुंडाळलेला मॅग्नेटो. बाहेरचं कवच जुनं, खरचटलेलं, पण घासून स्वच्छ केलेलं. आतून नवा भरलाय की जुनाच आहे, हे मला काय किंवा सॉचुकना काय, बघून कळण्यासारखं नव्हतं. वेइको खिडकीबाहेर बघत होते. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी माझी थट्टा केली नव्हती, हे मला जाणवलं, पण मी शिक्का उचलला.

"वीस नाही रे," बाकावरून सिल्वी म्हणाल्या. "चारशे ऐंशी."

शिक्का माझ्या हातातच राहिला.

"तूच नाही का म्हणालास त्या इंग्लंडच्या माणसाला फोनवर? चारशे ऐंशी पाठवतो, पण कागदावर वीस लिही, म्हणून. मी तिथेच बटाटे सोलत बसले होते." मग माझ्याकडे वळून, खुशीत, "चारशे ऐंशी, पोरी. लिहून घे."

सॉचुकनी कप खाली ठेवला आणि ते काउंटरपाशी आले. सॉचुक कडक माणूस, पण त्यांची स्वतःची आई याच दुखण्यानं गेली होती. ते हळू आवाजात म्हणाले, "मिस्टर हापाला, तुमच्या पत्नीची तब्येत आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. त्यांचा काही घोटाळा होत असेल, दुसऱ्या कशाचा आकडा त्या सांगत असतील, तर तसं म्हणा. मी तेवढंच विचारतोय."

दार उघडंच करून दिलं होतं त्यांनी. वेइकोनी फक्त मान हलवायची होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, हलवा हो, हलवा.

वेइकोनी बायकोकडे पाहिलं. त्या ताठ बसून, दोन्ही हात पर्सवर ठेवून हसत होत्या. आकडा बरोबर आठवला याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"घोटाळा नाही," वेइको म्हणाले. "बरोबर सांगतेय ती. चारशे ऐंशी. वीस लिहायला मीच सांगितलं."

मग जे व्हायचं ते झालं. किंमत खोटी सांगितली की माल जप्त होतो. दंड भरला की परत मिळतो. सॉचुकनी सगळ्यात खालच्या पायरीचा दंड लावायला सांगितला, पण कागद तर करावेच लागतात. मी वेइकोंना आतल्या खोलीत नेलं. सिल्वींना सॉचुकनी कॉफी दिली. त्या त्यांना छावणीतल्या चाळीस माणसांना किती पीठ लागायचं ते सांगत बसल्या.

मी लिहीत होते. वेइको समोर टोपी मांडीवर घेऊन बसले होते.

"तुम्ही नुसतं म्हणाला असतात तरी चाललं असतं," शेवटी मी म्हणाले. मला राग आला होता, कुणाचा ते सांगता येईना.

"काय म्हणायचं? तिचं डोकं ठिकाणावर नाही, असं?"

मी पेन खाली ठेवलं.

"गेल्या महिन्यात डॉक्टरकडे गेलो," ते म्हणाले. "ती समोर बसलीय, आणि तो मला विचारतो, या नीट जेवतात का. दुकानात पैसे ती देते, सुटे माझ्या हातात ठेवतात. आमची मुलगी टोरांटोहून फोन करते, म्हणते, आईला देऊ नका, तुम्हीच सांगा. सगळे असे तिच्या डोक्यावरून बोलतात माझ्याशी. चांगली माणसं आहेत, वाईट हेतू नाही कुणाचा. पण आज तिला आठवलं. आठवडाभर तिला स्वतःच्या बहिणीचं नाव येत नव्हतं, आणि आज आकडा आठवला, अगदी बरोबर. आणि मी उठून सांगू, हिचं काही धरू नका?" त्यांनी टोपीची कड बोटांनी सरळ केली. "मग ती कुणाला काय सांगणार? मीच नाही म्हटलं तर?"

"मग वीस लिहायला सांगितलंत कशाला?"

"हाव," ते म्हणाले. "दुसरं काय? बारा वेळा सरळ भरले. तेराव्यांदा वाटलं, एकदा काय होतंय. शहात्तर वर्षांचा झालो आणि शेवटी काय चोरलं, तर मॅग्नेटोवरचा कर." कान लाल झाले होते त्यांचे. "माझा बाप असता तर त्यानं मला आमच्या वाफेच्या न्हाणीत, सौनात कोंडून ठेवलं असतं."

"थंड सौनात," मी म्हणाले.

"थंड सौनात," त्यांनी मान डोलावली, आणि माझा राग गेला.

दंड त्यांनी तिथेच भरला. खोकं मी स्वतः त्यांच्या गाडीत नेऊन ठेवलं. सिल्वींनी काच खाली करून विचारलं, "झालं का सगळं नीट?"

"झालं. तुम्ही आकडा सांगितलात, फार मदत झाली."

"मी छावणीचा हिशेब ठेवायचे," त्या म्हणाल्या.

पण एकदा असं काही घडलं की नाव संगणकात जातं, आणि पुढे कित्येक वर्षं तो माणूस नाक्यावर आला की पडद्यावर सूचना येते: गाडी तपासा. एप्रिलमध्ये ते पुन्हा आले, फक्त एक आरसा आणायला, आणि मला त्यांची गाडी बाजूला घ्यायला सांगावं लागलं. वेइकोनी किल्ली दिली आणि गुन्हेगारासारखे भिंतीपाशी जाऊन उभे राहिले.

सिल्वी मात्र खूश झाल्या. मी मागचं दार उघडलं, तर त्या लगबगीनं माझ्याजवळ आल्या. "ये, ये, आत ये," त्या म्हणाल्या. "पसारा आहे हं. आम्ही आत्ताच आलोय." त्यांना वाटलं, मी त्यांच्या घरी पाहुणी आलेय. त्यांनी मला डिकीतली घोंगडी दाखवली, फावडं दाखवलं, मग पिशवीतून वेलदोड्याचा गोड पाव काढून त्याचा तुकडा तोडून माझ्या हातावर ठेवला. कामावर असताना असं काही खायचं नसतं. मी खाल्ला. भिंतीपाशी उभ्या वेइकोंच्या खांद्यांचा ताण सैल झालेला मी पाहिला.

मेमध्ये दोनदा हेच झालं. दुसऱ्यांदा सॉचुकच बाहेर आले, म्हणाले, "आज मी तपासतो," आणि पावाचा मोठा तुकडा मिळवून परत गेले.

जूनमध्ये वेइको एकटेच आले. हातात पार्सल नव्हतं. काउंटरवर त्यांनी कागदाची चिठ्ठी ठेवली, तिच्यावर पेन्सिलीनं रस्ता काढलेला होता. "युहान्नुसला आमच्या तळ्यावर ये," ते म्हणाले. युहान्नुस म्हणजे त्यांचा मध्य-उन्हाळ्याचा सण, त्या दिवशी ते तळ्याकाठी होळी पेटवतात. "नवऱ्याला आण. गाडी चालू झालीय. तेरा टक्के तुझी पण आहे ती."

आम्ही दुपारी पोचलो. तळ्याकाठी छोटं लाकडी घर, सौना, धक्का, आणि शेडपुढे ती एरियल. काळी, टाकीवर लाल पट्टा, साइडकारचं नाक जरा वर. मला तिच्यातला प्रत्येक भाग त्याच्या पावतीसकट ओळखू येत होता. नवऱ्यानं टाकीवरून हात फिरवला. वेइकोनी कातडी जाकीट घातलं होतं, ते आता पोटावर बंद होत नव्हतं.

त्यांनी किक मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा गाडी खोकली आणि धडधडायला लागली, आणि त्या आवाजानं सिल्वी घरातून बाहेर आल्या, ओले हात एप्रनला पुसत. पायरीवर थांबल्या. सगळा चेहरा उजळला त्यांचा. मग त्यांनी वेइकोंकडे पाहिलं, आणि तो उजेड जरासा थबकला.

"कोण आहे हा?" त्यांनी मला हळूच विचारलं.

वेइकोनी ऐकलं होतं. एवढं सगळं केलं ते याच क्षणासाठी, आणि ओळख नेमकी आजच हरवली होती. त्यांनी इंजिन मंद केलं. मला वाटलं, आता ते उतरतील, जवळ येतील, म्हणतील अगं मी. ते उतरले नाहीत. टोपी काढली.

"मी शेजारच्या छावणीतला," ते म्हणाले. "हवा चांगली आहे. तळ्याला एक फेरी मारायची असेल तर सोडतो."

सिल्वींनी त्यांना वरून खालपर्यंत न्याहाळलं. "जोरात नेशील?"

"नाही."

"सगळे नाहीच म्हणतात." मग माझ्या हातात एप्रन देत म्हणाल्या, "बटाटे बघ गं, करपतील," आणि साइडकारमध्ये पाय टाकून अशा सवयीनं बसल्या की जशा काही कालच उतरल्या होत्या.

मी बटाटे पाहिले. खिडकीतून झाडांमागे गाडीचा आवाज लांब जाताना ऐकू येत होता, मग तळ्याच्या पलीकडून पाण्यावरून यायला लागला. माझा नवरा, जो लग्नातसुद्धा रडला नव्हता, धक्क्यावर पाठ फिरवून उभा होता.

पाऊण तासानं ते परतले. सिल्वींचा रुमाल मानेवर आला होता, पांढरे केस उडाले होते, गाल लाल. मी त्यांना हात देऊन उतरवलं. त्या माझ्या कानाशी लागल्या.

"चांगला माणूस आहे. हात स्थिर आहे त्याचा. पण मी त्याला स्पष्ट सांगितलं, माझं लग्न झालंय."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, नवऱ्याची हरकत नसेल तर पुढच्या रविवारी येईन." त्यांनी जरा विचार केला. "मी म्हटलं, ये. तो काही म्हणायचा नाही. त्याला मोटारसायकली आवडतात, तुझ्याशी बोलत बसेल."

वेइको गाडीवर वाकून कुठलीतरी घट्ट असलेली चकती पुन्हा घट्ट करत होते. बराच वेळ करत होते.

संध्याकाळी होळी पेटली. सिल्वी त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या होत्या, डोकं त्यांच्या खांद्यावर, आणि त्या वेळी त्यांना ते कोण आहेत हे नीट ठाऊक होतं. "वेइको, लाकूड सरकव," असं नावानं सांगत होत्या. दिवसाचं सगळं बोलणं कुठे गेलं होतं कोण जाणे.

त्या उन्हाळ्यात ऑक्टोबरचं पहिलं बर्फ पडेपर्यंत त्यांचा एकही रविवार चुकला नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यातही नाही. आम्ही अधूनमधून जायचो. एकदा जेवणं झाल्यावर सिल्वी आत पडल्या होत्या, तेव्हा मी वेइकोंना विचारलं. विचारावं की नाही असं करत करत विचारलंच, की ज्या दिवशी त्या ओळखत नाहीत, त्या दिवशी फार जड जातं का.

त्यांनी ताटल्या गोळा केल्या.

"ओळखते त्या दिवशी ती मला सांगते, ब्रेक उशिरा दाबतोस," ते म्हणाले. "ओळखत नाही त्या दिवशी केस विंचरून येते." आणि ते भांडी विसळायला तळ्याकडे गेले.